नदी आड येण्यापूर्वी

पानिपतच्या रणभूमीवर मला शौर्याआधी तारखा आठवतात. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब परतूरहून निघाले. पावसाळ्यात यमुना भरली आणि पलीकडे उतरण्याचा बेत राहून गेला. ऑगस्टात दिल्ली, ऑक्टोबरात कुंजपुरा हाती आला. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतपाशी नदी उतरला. दिल्लीची वाट तुटली, रसद आटली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी सैन्य लढले.

प्रकल्पनियोजनाचे सॉफ्टवेअर मी चाळिशी उलटल्यावर शिकलो. पहिल्या आराखड्यात साऱ्या तारखा मीच ठोकून बसवल्या. पुढे एक परवानगी दोन महिने रखडली, पाया पावसात सापडला. पडद्यावरची उद्घाटनाची तारीख मात्र जागची हलली नाही. ते वेळापत्रक नव्हतेच, ती माझी इच्छा होती.

मग प्रत्येक कामाला दोनच प्रश्न विचारू लागलो : किती दिवस लागतील, आणि कोणते काम आधी संपले पाहिजे? त्यावरून यंत्र सर्वांत लांब साखळी दाखवते. तिच्यातला एक दिवस हुकला की शेवटही एक दिवस ढळतो. इतर कामांना थोडी सवड असते.

यंत्र नदी ओसरवीत नाही. ती केव्हा आड येईल, हे मार्चमध्येच विचारायला लावते, इतकेच.