छर्ऱ्याची जुनी पिस्तुले : पारख आणि संग्रह



छर्ऱ्याची बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जत्रेतील फुगे उभे राहतात. तेव्हा आजचा विषय वाचून, "हे खेळणे जमवायचे, आणि वर त्याची पारखही करायची?" असे कोणाच्या मनात आले असल्यास मी त्यांना दोष देणार नाही. परंतु नाणी, तिकिटे किंवा घड्याळे जमवणाऱ्याला जो प्रश्न पडतो, तोच येथेही आहे. जुनी वस्तू स्वतःविषयी साक्ष देत असते. ती साक्ष आपण नीट ऐकतो, की तिच्या तोंडी आपल्याला हवे ते शब्द घालतो?

सगळ्या देशांतल्या पिस्तुलांची यादी मी येथे देणार नाही. एकच घराणे घेऊ. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात १८९७ साली वेब्ली आणि स्कॉट ही नावे एकत्र येऊन एक कंपनी उभी राहिली. तिची रिव्हॉल्व्हरे ब्रिटिश सैन्यात होती. पहिले महायुद्ध संपले आणि सैन्याची मागणी आटली. त्यातच १९२० च्या कायद्याने इंग्लंडात सामान्य माणसाला दारूगोळ्याचे पिस्तूल बाळगणे अवघड केले. कारागीर होते, यंत्रे होती, पण गिऱ्हाईक नव्हते. अशा वेळी १९२४ मध्ये कंपनीने 'मार्क वन' हे छर्ऱ्याचे पिस्तूल बाजारात आणले. त्याच्यामागे 'ज्युनिअर' आले, १९३० साली 'सीनिअर' आले, १९६४ साली 'प्रीमियर' आले आणि १९७९ साली 'टेंपेस्ट' आले. २००५ मध्ये बर्मिंगहॅमचे हे काम थांबले. म्हणजे आज आपण ज्याला जुने म्हणतो, त्याचा वंश पुरता ऐंशी वर्षांचा आहे.

या पिस्तुलाची रचना समजून घेतली की निम्मी पारख झाली. साध्या छर्ऱ्याच्या बंदुकीत दट्ट्याचे नळकांडे मागे आणि नळी पुढे असते. पिस्तुलाला एवढी लांबी परवडत नाही. म्हणून वेब्लीच्या कारागिरांनी नळी नळकांड्याच्या डोक्यावर बसविली आणि पुढच्या टोकाला बिजागरी दिली. नळीचे मागचे टोक सोडवून ती वर आणि पुढे फिरविली की आतला दट्ट्या पुढे ओढला जातो व स्प्रिंग दबते. चाप ओढल्यावर दट्ट्या पुढे नव्हे, तर मागे, नेमबाजाच्या दिशेने धावतो. दाबलेली हवा मागच्या छिद्रातून वर चढते आणि छर्ऱ्याला पुढे लोटते. एवढ्याशा युक्तीने आखूड पिस्तुलाला जवळजवळ त्याच्याच लांबीची नळी मिळाली.

आता पिस्तूल हाती आले तर काय पाहावे? सर्वांत आधी ते रिकामे आहे की नाही ते पाहावे, आणि मगच बाकीचे. त्यानंतर अंगावरची अक्षरे वाचावीत : कंपनीचे नाव, नमुन्याचे नाव, पेटंटांचा उल्लेख, अनुक्रमांक. प्रीमियरमध्ये बारीकसारीक सुधारणा होत गेल्या आणि त्या मालिकांना ए पासून एफ पर्यंत अक्षरे मिळाली. तेथे एक अक्षरसुद्धा बोलके असते. मग मूठ पाहावी. जुन्या वेब्लींत काहींची मूठ उभट, तर काहींची तिरकी आढळते. नंतर एक साधे लोहचुंबक घ्यावे. सीनिअरचा सांगाडा पोलादी, तर टेंपेस्टचा हलक्या मिश्रधातूचा. एकाला चुंबक चिकटेल, दुसऱ्याच्या सांगाड्याला चिकटणार नाही. शेवटी खोका पाहावा. कंपनीचा कारखाना पुष्कळ वर्षे वीमन स्ट्रीटवर होता, पुढे तो हँड्सवर्थला गेला. युद्धापूर्वीचे पिस्तूल जर हँड्सवर्थच्या पत्त्याच्या खोक्यात निजले असेल, तर हे लग्न कोणीतरी मागाहून लावले आहे हे ओळखावे.

हे सारे पुरावे एका गोष्टीने नाहीसे होतात, आणि ती गोष्ट चोरी नव्हे, गंज नव्हे. ती म्हणजे आपली चकचकीतपणाची हौस. नवा संग्राहक पिस्तूल घरी आणतो, पॉलिशपेपर घेतो आणि घासघासून ते आरशासारखे करतो. मग त्यावर निळसर काळा नवा मुलामा चढवितो. या घासण्यात अक्षरांच्या कडा गोल होतात, अंक पुसट होतात आणि शंभर वर्षांचा जुना मुलामा, जो एकदाच चढतो, तो कायमचा जातो. देवघरातली पितळेची समई घासली तर उजळते. येथे घासले की वस्तू मुकी होते. गंज पसरत असेल तर तेलाच्या फडक्याने हळुवार थांबवावा. तुटलेली स्प्रिंग बदलली तर जुनी फेकू नये, चिठ्ठी लावून जपावी. आणि छर्रा न घालता चाप ओढण्याची गंमत करू नये. दट्ट्याला समोर हवेची उशी मिळत नाही, तो सरळ आदळतो.

साक्षीची किंमत किती असते? १९६३ च्या जेम्स बाँडच्या चित्रपटासाठी छायाचित्रे काढायची होती, आणि ठरलेले पिस्तूल जागेवर नव्हते. छायाचित्रकार डेव्हिड हर्न यांनी स्वतःचे छर्ऱ्याचे पिस्तूल, जर्मन बनावटीचे 'वॉल्थर एल.पी. ५३', नटाच्या हाती दिले. जगभर भिंतींवर लागलेला तो गुप्तहेर फुगे फोडण्याच्या जातीचे हत्यार धरून उभा होता! २०१० साली लंडनमध्ये क्रिस्टीज संस्थेच्या लिलावात ते पावणेतीन लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. त्याच कारखान्याची, त्याच नमुन्याची इतर पिस्तुले त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत. लोखंड एकच, फरक आहे तो केवळ खात्रीच्या इतिहासाचा.

म्हणून ज्याला संग्रह करायचा आहे त्याने वही आधी घ्यावी, पिस्तूल मागून. कोठून आले, कोणी दिले, कोणता भाग बदलला, हे सर्व त्या दिवशीच लिहावे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि २०१६ च्या नियमांत हवेच्या शस्त्रांचाही विचार केलेला आहे. त्यांची माहिती घेतल्यावाचून खरेदी करू नये, आणि वस्तू मुलांच्या हाती पडणार नाही अशी कुलुपात ठेवावी.

आपण या वस्तूंचे मालक थोड्याच वर्षांसाठी असतो. आपल्यामागून येणाऱ्याला त्यांचा खरा इतिहास वाचता आला पाहिजे, एवढे पथ्य पाळले तर संग्रह हा केवळ छंद राहत नाही.