अबोल मुलाची मातृभाषा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात कुंभकोणम् येथे दिलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी व्याधीविषयी कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या मंडळाने पन्नास वर्षे कावेरीकाठी मराठी बोली जपली, त्याच्यापुढे ज्या मुलाला बोलताच येत नाही त्याचा प्रश्न मांडणे आम्हांस उचित वाटते.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा जन्मानंतर लवकरच झालेली इजा. हजार जन्मांमागे दोन-तीन बालकांना ती होते. इजा पुढे वाढत नाही. परंतु स्नायूंवरचा ताबा कायमचा उणावतो. हा पूर्वजन्मीचा भोग नव्हे, की मातेचा दोषही नव्हे.

अडखळणारे पाऊल सर्वांना दिसते. सोबतच्या व्याधी दिसत नाहीत. २०१२ साली आयोना नोव्हाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करून काही प्रमाणे मांडली. अशा चार मुलांपैकी तिघांना वेदना असतात. तिघांपैकी एकाचा खुब्याचा सांधा जागेवरून सरकतो. चौघांपैकी एकाला अपस्मार असतो आणि चौघांपैकी एकाला बोलता येत नाही. बौद्धिक न्यूनता दोघांपैकी एकाला असते. म्हणजेच उरलेल्या अर्ध्या मुलांना ती नसते.

ज्या जिभेने, ओठांनी व घशाने बोलायचे, त्यांनीच गिळायचेही असते. म्हणून पुष्कळदा वाचेबरोबर जेवणही अवघड होते. आडवे निजवून भरवल्यास घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनियाचा धोका संभवतो. पाठीला आधार देऊन, सरळ बसवून, लहान घासांनी सावकाश भरवावे. अन्न किती दाट असावे, हे तज्ज्ञांना विचारून ठरवावे.

आता ही दोन प्रमाणे शेजारी ठेवून पाहा. वेदना पुष्कळांना, सांगण्याची शक्ती मात्र कित्येकांना नाही. मूल रडते आणि पोट दुखते की खुबा, हे आईने तर्काने ओळखायचे! अशा वेळी चित्रांचा नि शब्दांचा एक पुठ्ठा औषधाइतकाच मोलाचा ठरतो. मूल बोटाने दाखवील. बोट चालत नसेल तर नजरेने दाखवील. पुठ्ठ्यामुळे वाचा खुंटते, ही भीती निराधार आहे.

न बोलणारे मूल समजतही नाही, असे कोणी मानू नये. मुंबईच्या मालिनी छिब यांचे बोलणे परक्यास सहज उमगत नाही. परंतु एका करंगळीने टंकलेखन करून त्यांनी उच्च पदव्या मिळवल्या आणि २०१० साली ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. त्यांच्या मातोश्री मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत अशा मुलांसाठी संस्था उभारली. आपल्या जवळ, चेन्नईत, १९८५ पासून ‘विद्यासागर’ हे कार्य करीत आहे. २०१६ च्या कायद्यानेही या व्याधीचा नामनिर्देश करून शिक्षणाचा हक्क मान्य केला आहे.

प्रश्न उरतो तो पुठ्ठ्यावरील भाषेचा. आपल्या घरी मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी. मूल गोंधळेल म्हणून घरची भाषा सोडा, असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. परंतु दोन भाषा कानी पडल्याने अशा मुलांची हानी होते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. उलट, घरची भाषा सोडली की आजीच्या कुशीत बसलेले मूल आजीलाच पारखे होते. म्हणून पुठ्ठ्यावर ‘पाणी’ असावे आणि ‘तण्णी’ही असावे, घरी ‘दुखतं’ दाखवता यावे आणि दवाखान्यात ‘वलि’.

छापील तक्ते पुण्यामुंबईकडून आले, तरी त्यांतील मराठी आपल्या घरातली नसते. आपली तंजावरी बोली ज्यांच्या ओठी आहे, त्या वडीलधाऱ्यांनीच हे शब्द पुरवले पाहिजेत. मंडळाने येत्या वर्षी शंभर शब्दांचा असा एक पुठ्ठा तयार करून गरजू घरी पोहोचवावा, एवढीच आमची विनंती आहे. खर्च अल्प आहे. आस्था मात्र भरपूर लागेल. बोली जपणे म्हणजे ती बोलणाऱ्यांपुरती जपणे नव्हे. जे मूल ती केवळ ऐकते, तेही तिचे तितकेच वारस आहे.