न्यायालयातले विज्ञान कोण तपासणार?



1952 साली आपले दुर्ग तेव्हाच्या मध्य प्रदेशात होते आणि कारभार नागपूरहून चालत असे. त्याच वर्षी नागपुरातला एक खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला: हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश सरकार. नरगुंदकर अबकारी आयुक्त होते आणि प्रकरण सिवनीच्या दारूभट्टीच्या ठेक्याचे. एका पत्रावर मागची तारीख घातली आहे, कारण ते ज्या टंकयंत्रावर टंकले ते त्या तारखेला नागपुरात आलेच नव्हते, असे सरकार पक्षाचे म्हणणे. नरगुंदकर निर्दोष सुटले. परिस्थितिजन्य पुराव्यासाठी वकील आजही या निकालाचा हवाला देतात.

याच निकालात आणखी एक मुद्दा आला. टंकयंत्राच्या अक्षरांवरून तज्ज्ञ देतो ते मत पुरावा कायद्याच्या, तज्ज्ञांच्या मतासंबंधीच्या कलम 45 मध्ये बसत नाही, असे तिथे नोंदले गेले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानेच दुसऱ्या खटल्यात उलट सांगितले: हेही विज्ञान आहे, मत ग्राह्य आहे. मध्ये 44 वर्षे गेली.

तज्ज्ञाचे मत ऐकायचे की नाही, हे न्यायाधीश ठरवू शकतात. तो तज्ज्ञ शंभरात किती वेळा चुकतो, हे मात्र निकालपत्रातून कळत नाही. त्यासाठी उत्तर आधीच ठाऊक असलेले नमुने, ओळख लपवून, तज्ज्ञांपुढे ठेवावे लागतात आणि चुका मोजाव्या लागतात. या कामाला वर्षे लागतात, पैसा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2009 साली स्पष्ट सांगितले की, डीएनए सोडल्यास न्यायवैद्यकाच्या कोणत्याही पद्धतीची, पुरावा नेमक्या एका व्यक्तीशी जोडण्याची क्षमता काटेकोरपणे सिद्ध झालेली नाही.

आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक ठरले. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. तज्ज्ञांच्या मताच्या कलमात विज्ञान आणि कला यांच्या जोडीला ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ आले. दार रुंद झाले, तेव्हा आत येणाऱ्याची पारखही कडक हवी. केंद्राने न्यायवैद्यक सुविधांसाठी 2254 कोटी रुपये मंजूर केले आहेत. प्रयोगशाळा हव्यातच. पण नमुना तपासणे वेगळे आणि तपासण्याची पद्धतच तपासणे वेगळे. हे दुसरे काम विज्ञान आणि कायदा या दोन विभागांच्या मध्ये पडते, म्हणून पोरके राहते.

वाट मात्र खुली आहे. 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये उभे करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे आणि विज्ञानाचा सामाजिक शास्त्रांशी जिथे संबंध येतो ते संशोधनही त्याच्या कक्षेत आहे.

दुर्ग जिल्ह्यात कुटेलाभाठ्याला भिलाईची आयआयटी आहे. नवा रायपुरात हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. पुराव्याच्या विश्वासार्हतेवर या दोन संस्थांनी मिळून प्रकल्प मांडावा आणि प्रतिष्ठानाने त्याला सलग काही वर्षे निधी द्यावा. भिलाईतल्या मराठी घरांतून इंजिनिअर आणि वकील दोन्ही निघतात. त्या मुलामुलींना माझी विनंती आहे: हा विषय संशोधनासाठी निवडा. चुकीच्या विज्ञानावर कोणी तुरुंगात जाऊ नये आणि खऱ्या विज्ञानाअभावी कोणी गुन्हेगार सुटू नये, यासाठी खर्च केलेला रुपया न्यायासाठीच खर्च झालेला असेल.