पेटीतला गळा : पंडित तुळशीदास बोरकर



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर वाचून आमच्या एका स्नेह्यांनी मला वाटेत गाठले आणि विचारले, "काय हो, पेटी वाजविणाऱ्यावर तासभर बोलणार म्हणजे बोलणार तरी काय?" प्रश्नात द्वेष नव्हता, नवल होते. मैफलीच्या जाहिरातीत गवयाचे नाव ठळक असते, त्याच्याखाली तबलजीचे आणि त्याच्याही खाली बारीक टायपात पेटीवाल्याचे. ज्याचे नाव आपण वाचतसुद्धा नाही, त्याचे चरित्र ते काय असावयाचे? या प्रश्नाला उत्तर देता आले, तर आजची संध्याकाळ वाया गेली नाही असे मी समजेन.

आरंभी थोडे घरचे सांगतो. खाडीपलीकडच्या आमच्या गावच्या घरात एक जुनी पेटी होती. गणपतीत आरत्यांना आणि एकादशीला भजनाला ती बाहेर निघे. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने लाकूड फुगे, पट्ट्या दाबल्या की दबूनच राहत आणि एखादा सूर कोणी न बोलावता अखंड ओरडत बसे. मग आजी ती पेटी गोधडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवी. भात्याला उंदीर लागू नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला, हाही एक विधीच होता. मी पेटी शिकतो म्हणालो तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी चटकन उत्तर दिले, "बरोबर आहे. गळा नाही ना, मग पेटीच!" हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. ज्याला गाता येत नाही त्याने पेटी वाजवावी, असा एक समज आपल्याकडे रुजलेला आहे. तुळशीदास बोरकरांचे सारे आयुष्य म्हणजे या समजाला दिलेले उत्तर आहे.

तुळशीदासजींचा जन्म १८ नोव्हेंबर १९३४ रोजी गोमंतकातल्या बोरी या गावी झाला. बोरी म्हणजे फोंडे महालातले, जुवारीकाठचे, नवदुर्गेचे गाव. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. पण फोंड्याच्या देवळादेवळांतून भजन, कीर्तन आणि गाणे अखंड चालू होते. याच पट्ट्याने आपल्याला मंगेशीचे दीनानाथ दिले, केरीच्या केसरबाई दिल्या. अशा मातीत वाढलेल्या मुलाच्या कानावर गाणे पडणे यात नवल नाही. सुरांचा पहिला संस्कार त्यांना आईकडूनच मिळाला. पुढे त्यांनी गुरू केले ते मधुकर पेडणेकरांना, म्हणजेच रसिकांच्या ओळखीच्या पी. मधुकरांना. मधुकरांच्या एकल पेटीवादनाच्या तबकड्या त्या काळी घरोघर वाजत. साथीचे वाद्य मानलेल्या पेटीवर एकटा माणूस मैफल रंगवू शकतो, हे त्यांच्या बोटांनी लोकांना पटविले होते.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. आपले तुळशीदासजी त्या वेळी पाच वर्षांचे होते. ज्या वाद्याला आयुष्य वाहावयाचे ते वाद्य नभोवाणीच्या दारात उभेही राहू शकत नाही, अशा काळात हा मुलगा लहानाचा मोठा झाला. ही बंदी काही एखाद्या लहरी साहेबाचा हुकूम नव्हता. जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार दिल्लीच्या नभोवाणीवर होते, त्यांनी पेटीवर कडक टीका केली होती. प्रत्यक्ष रवींद्रनाथांनीही बंदीच्या बाजूने पत्र लिहिले होते. एवढ्या मोठ्या माणसांना पेटी का खुपत होती, हे समजून न घेता आपण नुसते बोरकरांचे गोडवे गायले, तर तो त्यांच्यावरही अन्यायच होईल.

आक्षेप दोन होते, आणि दोन्ही खरे होते. पहिला मिंडीचा. सारंगिया तारेवरून नख सरकवीत षड्जावरून गंधारापर्यंत अखंड जाऊ शकतो. पेटीत प्रत्येक सुराला स्वतंत्र पितळी जीभ. एक पट्टी सोडावयाची, दुसरी दाबावयाची. मधली वाट नाहीच. जिना आहे, उतार नाही. दुसरा आक्षेप श्रुतींचा. पेटी आपल्याकडे युरोपातून आली. पॅरिसच्या डेबेन नावाच्या कारागिराने १८४० च्या सुमारास हे वाद्य सिद्ध केले. त्यांच्या पद्धतीत कोणत्याही पट्टीपासून वाजविता यावे म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सोय मोठी, काळी एक म्हणा, पांढरी चार म्हणा, गवयाचा षड्ज कोठेही धरता येतो. पण त्या सोयीची किंमत अशी की, तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप उमटतो, त्याच्यापेक्षा पेटीतला गंधार किंचित चढा लागतो. तयार कानाला तो टोचतो.

म्हणजे वैरी खोटे बोलत नव्हते. मग पेटीवाल्याने करावे काय?

पियानो वाजविणाऱ्या युरोपातल्या थोर कलावंतांपुढेही असाच एक प्रश्न असतो. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि त्या क्षणापासून सूर विझू लागतो. तो वाढविता येत नाही, वाकविता येत नाही. तरीही उत्तम वादकाच्या हाताखाली पियानो गातो असे ऐकणाऱ्यास वाटते. कारण पुढचा सूर तो अशा बेताने, अशा वजनाने लावतो की, मधली रिकामी जागा ऐकणाऱ्याचा कानच भरून काढतो. वाद्याची उणीव वाद्यात नव्हे, ऐकणाऱ्याच्या मनात भरून काढावयाची असते.

पेटीची गोष्ट तीच. तेथे सूर वाकत नसला तरी टिकतो, आणि भात्याच्या जोरावर लहानमोठा होतो. उजवा हात सर्वांना दिसतो. खरी करामत डाव्या हाताची. गवई जसा श्वास घेतो तसा भाता घ्यावयाचा. शब्द जेथे तुटतो तेथेच वारा तुटला पाहिजे. मोठ्या सुरावर जाण्यापूर्वी शेजारच्या सुराचा निसटता कण द्यावयाचा, आधीची पट्टी पुरती सुटण्यापूर्वी पुढची धरावयाची, की जिन्याचा उतार झाल्याचा भास होतो. तुळशीदासजींच्या वादनाचे मर्म मला येथेच दिसते. ते बोटांनी सूर दाबीत नव्हते, पद म्हणत होते. त्यांचे नाट्यपद ऐकताना शब्द ठाऊक असलेला श्रोता मनातल्या मनात शब्द पुरवीत जाई, आणि ते शब्द नेमके जागच्या जागी बसत. त्यासाठी वाजविणाऱ्याला आधी गाणे यावे लागते. "गळा नाही म्हणून पेटी" हे वाक्य उलटे केले पाहिजे. ज्याच्या मनात गळा आहे, त्याच्याच हाताखाली पेटी बोलते.

हा गळा त्यांना घडविला तो रंगभूमीने. नाटकाच्या ऑर्गनला पायांनी वारा भरावयाचा असतो, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. डोळे मात्र सदैव नटाकडे. पदाचा सूर आधी द्यावयाचा, नट चुकून भलत्याच कडव्याला गेला तर प्रेक्षकांना न कळता त्याच्या मागे जावयाचे, आणि 'वन्समोअर' मिळाला की तेच पद पुन्हा, पण ताज्या मनाने वाजवावयाचे. छोटा गंधर्वांसारख्या गायकनटाची साथ म्हणजे तर रोजची परीक्षा. आज घेतलेली हरकत उद्या तशीच येईल याचा भरवसा नाही. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले गोविंदराव पटवर्धन हेही याच शाळेतले. कोकणपट्टीच्या या दोन सुपुत्रांनी मराठी नाट्यसंगीताच्या साथीला किती उंचीवर नेले, हे जुन्या प्रयोगांच्या ध्वनिमुद्रिका लावून पाहावे.

साथ म्हणजे गवयाच्या मागून धावणे अशी आपली कल्पना असते. तसे असते, तर पेटीवाला नेहमी अर्धी मात्रा उशिरा पोचला असता. चांगला साथीदार गवयाचा पुढचा विचार ओळखतो, आणि ओळखूनही त्याच्या पुढे जात नाही. गवई श्वास घेतो तेवढ्या अवकाशात आधीची जागा हळूच पुन्हा दाखवितो, म्हणजे सूर तुटत नाही. आपल्याला पुष्कळ येत असताना थोडेच वाजवावयाचे, ही तपश्चर्या आहे. आणि हाच माणूस एकटा वाजवावयास बसला, की तोच संयम सोडून पूर्ण मैफल उभी करावयाची! एका माणसाच्या अंगी या दोन्ही गोष्टी क्वचितच असतात. तुळशीदासजींच्या अंगी त्या होत्या.

बंदीकडे पुन्हा वळू. स्वराज्य आले, १९४७ उजाडले, तरी पेटीला नभोवाणीचे दार उघडले नाही. गोविंदराव टेंबे, ज्यांनी १९११ साली 'मानापमान'च्या चाली दिल्या आणि ज्यांच्या पेटीवर सारा महाराष्ट्र लुब्ध होता, ते १९५५ साली गेले; बंदी होती. पी. मधुकर १९६७ साली गेले, बंदी होतीच. १९७१ च्या सुमारास ती प्रथम सैल झाली, तीही साथीपुरती. तोवर तुळशीदासजी छत्तीस वर्षांचे झाले होते. आपल्या गुरूच्या वाट्याला जो न्याय आला नाही, तो आपल्या डोळ्यांदेखत येताना पाहणे, यात आनंद किती असेल आणि बोच किती असेल, याची कल्पना मी आपणांवरच सोपवितो. पुढे २००५ सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, आणि २०१६ साली 'पद्मश्री'. पेटीला दाराबाहेर ठेवणाऱ्या दिल्लीनेच पेटीवाल्याचा सत्कार केला. एका माणसाच्या हयातीत एवढे घडून आले.

परंतु मानसन्मान हे माणसाबरोबर संपतात. २९ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईत तुळशीदासजी गेले. तेव्हा मागे काय राहिले, हा खरा प्रश्न आहे. मागे राहिले ते शिष्य. सुधीर नायक आज नामवंत गवयांच्या साथीला बसतात. जितेंद्र अभिषेकींकडे त्यांनी गाण्याचीही तालीम घेतली. सीमा शिरोडकर यांनी, जेथे स्त्रिया क्वचितच दिसत अशा या क्षेत्रात, स्वतःची जागा मिळविली. केदार नाफडे शिक्षणाने रासायनिक अभियंते. त्यांनी ही विद्या सातासमुद्रापार अमेरिकेत नेली. तिघांच्या तीन वाटा, तिघांचे तीन स्वभाव. गुरूने नुसत्या चाली घोकून घेतल्या असत्या, तर तिन्ही पेट्या एकसारख्या वाजल्या असत्या.

मी स्वतः ज्यांच्याकडे दोन वर्षे पेटी गिरविली, त्यांचे नाव घेत नाही. ते वाजवीत छान. पण अवघड जागा आली, की हातावर उपरणे टाकीत! बोटे कोणी पाहू नयेत. ती विद्या त्यांच्याबरोबरच गेली. त्यांची अडचणही मी जाणतो. पोटाचा धंदा होता, शिष्य म्हणजे उद्याचा प्रतिस्पर्धी. पण ज्याने उपरणे टाकले त्याचे आज नाव उरले नाही, आणि ज्याने हात उघडा ठेवला तो तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी वाजतो आहे. शिकविणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनीही हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता आपल्याकडचे. कोकणात पेटीला कधी कोणाची परवानगी लागली नाही. नभोवाणीवर बंदी होती तेव्हाही आपल्या वाडीवाडीत भजनाची डबलबारी पेटीवरच रंगत होती. मात्र आज कित्येक घरांतल्या पेट्या माळ्यावर आहेत. विजेवरचे कीबोर्ड आले. त्यांना पावसाळा बाधत नाही, उंदीर खात नाहीत. मी त्यांच्या विरुद्ध नाही. मात्र त्यांना भाता नाही, आणि भाता नाही म्हणजे श्वास नाही. बटण दाबले की सूर आपोआप येत राहतो. पेटी मुलाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकविते, ती ही की, वारा तू भरलास तरच मी बोलेन.

म्हणून आपणांकडे दोनच मागणी. घरी पेटी असेल तर या मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, ती खाली काढा, सुरात लावणाऱ्या कारागिराला दाखवा आणि घरातल्या एखाद्या पोरासमोर ठेवा. त्याचा गळा कसा आहे, हे विचारू नका. आणि पुढच्या खेपेस गाण्याला जाल तेव्हा गवयाच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताकडे थोडा वेळ पाहा. जाताना त्याचे नाव विचारून घ्या.