'पालक' म्हणजे कोण?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ऑनलाइन शाळेची चर्चा खूप झाली, पण ती अभ्यासक्रमाची आणि नेटवर्कची. माझ्या मते तो बायकांच्या कामाचा प्रश्न होता.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' सूचना आल्या. बालवाडीच्या मुलांसाठी दिवसाला फार तर अर्धा तास, आणि तोही पालकांशी बोलण्यापुरता. मुलांच्या डोळ्यांचा विचार झाला, चांगलंच आहे. पण पाच वर्षांचं मूल पडद्यासमोर एकटं शिकत नाही. जागेवर बसवायला, हात धरून अक्षर गिरवून घ्यायला शेजारी कुणीतरी लागतं. कागदावर 'पालक' लिहिलं होतं, बसली ती आई.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. बाईंचं काम या २९९ वर येऊन पडलं. बिनपगारी, अर्थातच.

आणि फोन कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या बायका सुमारे ५४ टक्केच निघाल्या. आमच्या वस्तीत फोन नवऱ्याबरोबर कामावर जायचा. धडा ग्रुपवर सकाळी दहाला, फोन घरात रात्री आठला. मग एकीकडे भाकरी, एकीकडे मुलाचा गाणं म्हणतानाचा व्हिडिओ, आणि नवऱ्याचं 'डेटा संपवलास' हे ऐकून घेणं. थोरली मुलगी असली तर स्वतःचा तास सोडून धाकट्याला घेऊन बसायची. ज्या बाईला वाचता येत नाही, तिला रोज पोटच्या पोराकडून ऐकावं लागलं, "तुला काहीच येत नाही." हे कुठल्या अहवालात मोजणार?

ते दिवस गेले, असं म्हणू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत हवा बिघडली म्हणून पाचवीपर्यंतचे वर्ग ऑनलाइन झाले. शाळा बंद करणं आता सोपं झालंय. धुणीभांडी करणाऱ्या बाईला त्या दिवशी सुट्टी कोण देतं? सहा वर्षांखालच्या मुलांना तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही हक्क दिलेला नाही.

म्हणून लहान मुलांची शाळा बंद ठेवायची तर आईला भरपगारी रजा हवी, वस्तीतच मुलांना सांभाळायची सोय हवी आणि छापील अभ्यास घरपोच यायला हवा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या दहा आयांना विचारून यावं: शाळा बंद होती तेव्हा तुमचं कोणतं काम सुटलं, आणि ते परत मिळालं का?