पाण्याला वाट, पाण्याला जागा
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कमिटीने मला पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावर बोलायला सांगितले आहे. मी डिप्लोमावाला माणूस. नोकरीची वीस वर्षे रुळाखालच्या मोऱ्या आणि रुळाशेजारची गटारे बघण्यात गेली. त्यामुळे सूत्रे आणि आकडेमोड फार सांगणार नाही. डोळ्यांनी पाहिले तेवढे सांगतो.

माझे लहानपण कोल्हापूरच्या शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ गेले. १९८९ साली पंचगंगेला मोठा पूर आला तेव्हा मी चौथीत होतो. पावसाळ्यात कोल्हापुरात एकमेकांना विचारायचा प्रश्न एकच, "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. त्या दुपारी आमच्याकडे पाऊस चक्क उघडला होता. आम्ही पोरांनी दारापुढच्या गटारीत कागदाच्या होड्या सोडल्या. एरवी त्या जयंती नाल्याच्या दिशेने पळत. त्या दिवशी त्या उलट्या, घराकडे यायला लागल्या! आम्हाला गंमत वाटली. आजोबांनी मात्र ते बघितले आणि आईला हाक मारली, "सूनबाई, धान्य माळ्यावर चढवा."

रात्री पाणी उंबऱ्याला लागले. कुंभार गल्लीत गणपतीचे काम जोरात होते. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. पाणी लागले की तिचा पुन्हा चिखल होतो. शेजारपाजारची माणसे पाण्यात रांगेने उभी राहून मूर्ती हातोहात वरच्या मजल्यावर देत होती. तरी जमिनीवरच्या बऱ्याच मूर्ती गेल्या. एका रात्रीत वर्षाची कमाई गेली. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर पाणी चढले, तेव्हाही त्या गल्लीवर तीच पाळी आली.

होड्या उलट्या का आल्या? गटार उताराने नाल्याला मिळते, नाला नदीला मिळतो. नदीची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली की तोच उतार उलटा होतो आणि नदी गटारीच्या वाटेने गावात शिरते. तुमच्या दारातले गटार कितीही रुंद आणि स्वच्छ असो, त्याचे शेवटचे तोंड जिथे उघडते तिथे काय स्थिती आहे, यावर सगळे अवलंबून असते. तोंडाला झडप बसवली तर नदी बाहेर राहते, पण गावात पडलेला पाऊस आत अडकतो. म्हणून झडपेबरोबर पंप लागतो आणि पाण्याला तासभर थांबायला जागाही लागते.

मुंबईत २६ जुलै २००५ ला हेच दिसले. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, आणि वर समुद्राला भरती! पुढे मुंबईत पंपिंग स्टेशने उभारली गेली, आणि हिंदमातासारख्या सखल भागासाठी पाणी साठवायच्या टाक्याही जमिनीखाली बांधाव्या लागल्या.

आता कोणी म्हणेल, म्हैसूर उंचावर आहे, शहरातून नदी वाहत नाही, मग आपल्याला कसली काळजी? मंडळी, इथे नदीचे काम तळी करतात. एका केरेची कोडी, म्हणजे सांडवा, वाहिली की पाणी राजकालुवेतून खालच्या केरेत जाते. रेल्वेत आम्ही 'रेल्वे अफेक्टिंग टँक्स' अशी यादी ठेवतो. ज्या तळ्याचा बांध फुटला तर रूळ वाहून जाऊ शकतो, अशी ही तळी. पावसाळ्याआधी राज्य सरकारच्या खात्यासोबत त्यांची पाहणी होते. तळे रुळापासून कित्येक किलोमीटर दूर असले तरी ते यादीत असू शकते, कारण वरचे फुटले की खालचेही फुटते.

राजवाड्यासमोरचे दोड्डकेरे मैदान बघा. दोड्ड केरे म्हणजे मोठे तळे. पत्ता नावातच आहे! कोल्हापुरातले गांधी मैदान हेही पूर्वीचे वरुणतीर्थ तळे. पावसाळ्यात तिथे आजही पाणी साचते. माणसे तळे विसरतात, उतार विसरत नाही.

थोडा हिशेब करू. चाळीस बाय साठची साईट म्हणजे २,४०० चौरस फूट. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ११,००० लिटर पाणी होते. माती असेल तर त्यातले बरेच मुरते. सगळीकडे काँक्रीट आणि फरशी असेल तर जवळजवळ सगळे रस्त्यावर येते, आणि संपूर्ण लेआउटचे पाणी एकाच वेळी येते. म्हैसूरचा ऑक्टोबरातला पाऊस कसा कोसळतो हे तुम्ही जाणताच.

आपल्यापैकी अनेकजण इथे कायमचे स्थायिक होत आहेत, निवृत्तीचा पैसा साईटमध्ये घालत आहेत. त्यांना तीन गोष्टी सुचवतो. साईट उन्हाळ्यात बघितली असेल तर मोठा पाऊस झाल्यावर एकदा पुन्हा बघा. जवळचे केरे वर आहे की खाली, आणि त्याची कोडी कुठून वाहते, हे तिथल्या जुन्या शेतकऱ्याला विचारा. अंगणाचा थोडा भाग मातीचा ठेवा आणि गच्चीचे पाणी शोषखड्ड्यात सोडा.

कमिटीलाही एक विनंती. मांडवाचे खांब आणि फळ्या गटारीच्या जाळीवर येऊ देऊ नका. निर्माल्य, पत्रावळी, थर्माकोल यांतले काहीही गटारीत जाता कामा नये. रुळाखालची मोरी साफ करताना आम्हाला बहुतेक वेळा हेच सापडते. उत्सव संपल्यावर दहा जणांनी तासभर देऊन आपल्या गल्लीतली गटार पार तोंडापर्यंत चालत बघावी. मी येईन, फावडे माझे!

बाप्पा विघ्नहर्ता आहे, पण गटार आपल्यालाच मोकळी ठेवायची आहे.

गणपती बाप्पा मोरया!