निळा पंप, पावसाळा आणि मधले चांगले महिने

मी फार्मासिस्ट आहे, मुलुंड पश्चिमेला आमचं मेडिकल आहे. आज बोलायचंय दम्याच्या औषधांबद्दल. खरं तर त्यांच्या कॅलेंडरबद्दल.

हो, आमच्या काउंटरवर दम्याचं वेगळं कॅलेंडर असतं. जूनमध्ये चार सरी पडल्या की, "तो निळा पंप द्या" सुरू होतं. इन्हेलर फारसं कोणी म्हणत नाही, पंपच. मग शाळेतली सर्दी घरोघरी फिरते आणि नेब्युलायझरची चौकशी येते. ऑक्टोबर संपता संपता पुन्हा गर्दी, ती थेट थंडी जाईपर्यंत. आणि मार्चनंतर? शांतता. मला बोलायचंय ते या शांततेबद्दल.

आधी, असं होतं का? पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बुरशी धरते. गाद्या-उशांमध्ये डस्ट माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात. त्यात व्हायरल सर्दी. पाऊस गेला की वारा मंदावतो. थंडीत रात्री जमिनीजवळची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूळ, धूर खालीच अडकतो. 2023 चा ऑक्टोबर आठवतोय? हवा इतकी बिघडली की महापालिकेने उंच इमारतींच्या बांधकामाभोवती 35 फूट उंच पत्रे लावायला सांगितले. मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि त्या दिवाळीत फटाक्यांची वेळ रात्री 8 ते 10 वर आली.

हे ऋतू आपल्या आज्यांनाही माहीत होते. मृगाच्या सुमारास हैदराबादला बत्तिनी कुटुंबाचं माशातलं औषध घ्यायला आजही रांगा लागतात. कोजागिरीला दम्याचं औषध घातलेली खीर देतात. या औषधांनी दमा बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही. पण तारखा बघा ना! एक पावसाच्या तोंडावर, दुसरी पाऊस संपताना. दमा कधी उचल खातो, हे लोकांनी बरोबर हेरलं होतं.

आता मुद्दा. दम्याचे पंप ढोबळमानाने दोन प्रकारचे. निळा, म्हणजे सॅल्ब्युटामॉल, आवळलेल्या श्वासनळ्या काही मिनिटांत सैल करतो. चार-सहा तास बरं वाटतं. पण नळीच्या आतली सूज तो कमी करत नाही. ते काम दुसऱ्या पंपाचं, ज्यात श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड असतं. तो हळूहळू काम करतो, पूर्ण परिणामाला काही आठवडे लागतात. आणि लगेच काही जाणवत नाही, म्हणून लोक तोच पहिला सोडतात.

आमच्याकडे एक मुलगा येतो, बाइकवर डिलिव्हरी करतो. जुलैत तिसऱ्यांदा निळा पंप मागितला, तेव्हा मी विचारलं, "अरे, दुसरा कुठे गेला?" म्हणाला, "ताई, मार्चमध्ये एकदम ठणठणीत होतो. महाग पण पडतो. बंद केला." त्याचं गणित त्याच्या बाजूने बरोबरच आहे. बरं वाटतंय तर पैसे का घालवायचे? फक्त, तो ठणठणीत होता तो त्याच पंपामुळे असू शकतो.

हे फक्त आपल्याकडेच होत नाही. कॅनडा आणि ब्रिटनमध्ये दर सप्टेंबरला शाळा उघडल्या की मुलांचे दम्याचे अटॅक वाढतात. सर्दीचा विषाणू हे मोठं कारण, पण सुट्टीत रोजचा पंप ढिला पडणं हेही एक.

दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या जीना या जागतिक संस्थेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं: मोठ्यांनी आणि किशोरवयीनांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये. वर्षाला 200 पफचे तीन किंवा जास्त निळे पंप लागत असतील, तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो. महिन्याला एक लागत असेल, तर जीवाचा. जगातल्या दम्याच्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून जास्त भारतात होतात, असा 2019 चा अंदाज आहे.

"पण स्टेरॉइड ना?" हा प्रश्न रोज येतो. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि तो बहुतांश थेट फुप्फुसात काम करतो. घेतल्यावर चूळ भरून थुंका, म्हणजे तोंडात बुरशी होण्याची शक्यता कमी होते. आणि पंपाची सवय लागत नाही.

मग कमी करायचाच नाही का? करता येतो. तीन महिने दमा आटोक्यात असेल तर डॉक्टर डोस उतरवण्याचा विचार करतात. पण ते त्यांच्यासोबत ठरवून, पावसाच्या तोंडावर स्वतःच्या मनाने नाही. परवडत नसेल तर तेही त्यांना सांगा. स्वस्त पर्याय असतात, जनऔषधी केंद्रातही चौकशी करा.

आता फोन हातात आहेच, तर दोन कामं करा. निळा पंप उघडाल त्या दिवशीची तारीख नोट करा, वर्षाला किती लागतात ते कळेल. आणि मे महिन्याचा एक रिमाइंडर लावा: डॉक्टरांना भेटणे. छत्री आपण पाऊस पडायच्या आधीच काढतो ना?

शेवटचं. निळा पंप घेऊनही धाप थांबत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर घरी वाट बघू नका. 108 ला फोन करा, हॉस्पिटल गाठा.

घरात कोणाचा पंप मार्चपासून कपाटात पडला असेल, तर हा एपिसोड त्यांना पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!